मेलाटोनिन, मेंदूच्या पेशी आणि उंदरांना आधीच दिलेलं औषध

दादा न्यू जर्सीहून येताना या वेळी मेलाटोनिनच्या गमीजच्या, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्यांच्या, बाटल्या घेऊन आला, काकांसाठी. लेबलवर चंद्र, दोन ढग आणि खाली बारीक अक्षरात अँटिऑक्सिडंट सपोर्ट असलं काहीतरी. काकांना पार्किन्सन्स आहे, आणि दादाने कुठला तरी व्हिडिओ बघितलाय की मेलाटोनिन हे नुसतं झोपेचं हार्मोन नाही, ते मेंदूच्या पेशींना विषापासून वाचवतं, डॉक्टर लोक सांगत नाहीत एवढंच. काकूंचा मला फोन, "तू बायोकेमिस्ट्री शिकवतेस ना, मग सरळ सांग, देऊ का नको?" सरळ सांगता येईल असं उत्तर नव्हतं, फोनवर जेवढं जमलं तेवढं बोलले, बाकीचं इथे लिहितेय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे सांगते की दादाचा व्हिडिओ सगळाच थापा मारत नाहीये. मेलाटोनिन १९५८ मध्ये येल विद्यापीठात आरन लर्नर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने वेगळं काढलं, गाईबैलांच्या मेंदूतल्या पिनियल नावाच्या छोट्या ग्रंथी ढिगाने गोळा करून, मेलाटोनिन तिथेच बनतं. त्याला झोपेशी काही देणंघेणं नव्हतं, तो कोडावर काही उपाय मिळतो का ते शोधत होता, कारण पिनियलच्या अर्काने बेडकाच्या पिल्लांची कातडी फिकट होते हे १९१७ पासून माहीत होतं. कोडासाठी काही उपयोग झाला नाही. झोप, रात्र, उजेड वगैरे सगळं नंतर उलगडत गेलं. मग १९९३ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या रसेल राइटर यांच्या गटाने दाखवलं की मेलाटोनिन हायड्रॉक्सिल रॅडिकलला पकडून निकामी करतं. हायड्रॉक्सिल रॅडिकल म्हणजे शरीरात तयार होणाऱ्या फ्री रॅडिकल्समधला, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणाऱ्या अस्थिर रेणूंमधला, सगळ्यात आडदांड, डीएनए असो, प्रोटीन असो, पेशीच्या आवरणातली चरबी असो, समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. शिवाय मेलाटोनिनने एक रॅडिकल संपवला की त्याच्यापासून जे पदार्थ बनतात ते पण पुढचे रॅडिकल्स संपवतात, आणि पेशीची स्वतःची अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स पण ते वाढवतं. पाण्यात आणि चरबीत दोन्हीकडे फिरतं, रक्तातून मेंदूत सहज जातं. कागदावर यापेक्षा चांगलं औषध सापडणं अवघड.

तर मग अडलंय कुठे? ते कळायला आधी विषाची गोष्ट सांगायला हवी.

१९८२ साली कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या बाजूला एक माणूस हॉस्पिटलमध्ये आणला गेला, तो अक्षरशः गोठलेला होता. हलता येत नाही, बोलता येत नाही, डोळ्यांची उघडझाप सुद्धा नीट नाही. आधी वाटलं मानसिक आजार असेल. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की बोटं किंचित हलतायत, हातात पेन्सिल दिली तर त्याने हळूहळू लिहून सांगितलं की मला सगळं कळतंय, फक्त शरीर ऐकत नाहीये. विल्यम लँग्स्टन नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने हे प्रकरण लावून धरलं. तसेच आणखी काही तरुण मुलंमुली सापडली, सगळी नशा करणारी, सगळ्यांनी रस्त्यावर मिळणारं नकली हेरॉइन टोचून घेतलेलं. ते बनवताना केमिस्ट्री चुकली होती आणि त्यात एमपीटीपी नावाचा भलताच पदार्थ तयार झाला होता. पार्किन्सन्स जो साठीनंतर वर्षानुवर्षं हळूहळू येतो, तो या पोरांना काही दिवसांत झाला. लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत ज्याचं डोपामिन बनतं ते पार्किन्सन्सचं औषध, दिल्यावर ती हलायला लागली, म्हणजे बिघाड तोच, हालचाली सांभाळणाऱ्या डोपामिनच्या पेशी मेलेल्या.

आता एमपीटीपी काय करतं ते मी वर्गात शिकवते तेव्हा मागच्या बाकावरची पोरं सुद्धा मान वर करतात, कारण हे विष स्वतः फारसं विषारी नसतंच. ते मेंदूत शिरतं, तिथे ॲस्ट्रोसाइट नावाच्या मदतनीस पेशींमध्ये एमएओ-बी हे एन्झाइम त्याचं रूपांतर एमपीपी प्लसमध्ये करतं, म्हणजे विष आपणच आपल्या घरात तयार करतो. मग हे एमपीपी प्लस बाहेर पडतं आणि डोपामिनच्या पेशींना ते डोपामिनसारखंच वाटतं, म्हणून त्या स्वतःच्या हाताने त्याला आत ओढून घेतात. बाकीच्या पेशी घेत नाहीत, म्हणून बाकीच्या वाचतात. आत गेलं की ते मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतं आणि ऊर्जा बनवायच्या साखळीतलं पहिलं कॉम्प्लेक्स बंद पाडतं. एक तर पेशीची ऊर्जा तुटते, आणि दुसरं म्हणजे साखळीतले इलेक्ट्रॉन वाटेतच गळायला लागतात, ते ऑक्सिजनला चिकटतात आणि फ्री रॅडिकल्सचा धुरळा उडतो. त्यात डोपामिनच्या पेशी मुळातच नाजूक, कारण डोपामिन मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं आणि त्या भागात लोह पण भरपूर, आणि लोह अधिक पेरॉक्साइड म्हणजे हायड्रॉक्सिल रॅडिकलची फॅक्टरीच.

मग कुणालाही सुचेल की इथे अँटिऑक्सिडंट द्या. सुचलंच लोकांना. १९९७ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी उंदरांना एमपीटीपी दिलं, सोबत मेलाटोनिन दिलं, आणि नुकसान कमी झालेलं दाखवलं. मग असे पेपर येतच राहिले, वेगवेगळी विषं घेऊन. आणि काही गटांनी केलं तेव्हा फायदा दिसला नाही, असेही पेपर आहेत, पण व्हिडिओ बनवणारे ते कशाला सांगतील.

इथून पुढे मला जे सांगायचंय ते खरं तर एवढंच आहे की "उंदरात पेशी वाचल्या" या वाक्यात काय काय दडलेलं असतं ते एकदा नीट बघा.

पहिली गोष्ट वेळेची. या प्रयोगांत औषध बहुतेक वेळा विषाच्या आधी नाहीतर विषाबरोबरच दिलं जातं. साहजिक आहे, प्रयोगात विष कधी देणार ते आपल्यालाच माहीत असतं. पण काकांच्या हाताला कंप सुटला, अक्षर बारीक व्हायला लागलं, डावा हात चालताना हलेनासा झाला, तोपर्यंत डोपामिन पोचवणारी निम्म्याहून जास्त टोकं गेलेली असतात. आणि हे मेलाटोनिनपुरतं नाही. एमपीटीपीच्याच गोष्टीतून सेलेजिलीन पुढे आलं, ते एमएओ-बी बंद करतं, त्यामुळे जनावराला आधी सेलेजिलीन दिलं तर एमपीटीपीचं विषच बनत नाही, एकदम चोख. मग अमेरिकेत आणि कॅनडात ८०० पेशंट घेऊन डाटाटॉप नावाची मोठी ट्रायल झाली, सेलेजिलीन आणि व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन ईचा डोस रोज २००० युनिट, म्हणजे चिक्कार. १९९३ मध्ये पूर्ण निकाल आला. व्हिटॅमिन ईचा काही उपयोग नाही. सेलेजिलीनने लेव्होडोपा सुरू करायची वेळ पुढे ढकलली, पण ते पेशी वाचल्यामुळे की औषधाचा लक्षणांवरच थोडा परिणाम होतो म्हणून, यावर वाद झाला आणि पेशी वाचवण्याची आशा बहुतेकांनी सोडली. २०१४ मध्ये कोएन्झाइम क्यू-१०, हे तर थेट मायटोकॉन्ड्रियातलं, ६०० पेशंट, दिवसाला १२०० आणि २४०० मिलिग्रॅम, फायदा शून्य.

दुसरी गोष्ट प्रमाणाची, आणि इथे मला जरा हिशोब करू द्या कारण हा हिशोब मला कुठल्याच व्हिडिओत दिसला नाही. तरुण माणसाच्या रक्तात मध्यरात्रीनंतर मेलाटोनिन सगळ्यात जास्त असतं तेव्हा ते एका मिलिलिटरमध्ये साधारण १०० पिकोग्रॅमच्या आसपास धरा, बऱ्याच जणांत त्याहून कमीच. मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येत, केलं तर अर्धा नॅनोमोलर सुद्धा भरत नाही (नॅनोमोलर म्हणजे मिलिमोलरचा दहा लाखावा भाग). त्याच रक्तात ग्लुकोज ५ मिलिमोलर. म्हणजे मेलाटोनिनच्या एका रेणूमागे ग्लुकोजचे एक कोटी रेणू. आता हायड्रॉक्सिल रॅडिकल इतका उतावळा असतो की ज्याला आधी धडकेल त्याच्याशी रिॲक्शन करून मोकळा होतो, तो मेलाटोनिनची वाट बघत थांबत नाही. पेशीच्या आत तर ग्लुटाथायॉन हे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट मिलिमोलरमध्ये बसलेलं असतं. त्यामुळे शरीरात नैसर्गिकरीत्या असलेलं मेलाटोनिन थेट रॅडिकल्स पकडून मेंदू वाचवतंय हे मला तरी पटत नाही. प्लेटमधल्या पेशींवर प्रयोग करताना मायक्रोमोलर, म्हणजे रक्तातल्यापेक्षा हजारो पट, कधी त्याहूनही जास्त वापरतात, तिथे परिणाम दिसणारच. राइटर यांच्या गटाचं म्हणणं असं की मायटोकॉन्ड्रिया स्वतःच आतल्या आत मेलाटोनिन बनवतात, त्यामुळे रक्तातला आकडा बघून उपयोग नाही. असेल, त्यावर काम चालू आहे. आणि रिसेप्टरमार्फत, म्हणजे हार्मोन ओळखणाऱ्या पेशीवरच्या प्रोटीनमार्फत, एन्झाइम्स वाढवणं हे कमी प्रमाणात पण होऊ शकतं, तो रस्ता मला जास्त शक्य वाटतो. पण मग ते "अँटिऑक्सिडंट हार्मोन" असं लेबलवर छापण्याइतकं सरळ राहत नाही.

तिसरी गोष्ट उंदराची, आणि ही माझी सगळ्यात आवडती. एमपीटीपीच्या प्रयोगांत सगळ्यात जास्त वापरला जातो तो सी५७ ब्लॅक-६ नावाचा काळा उंदीर, लॅबमध्ये सगळीकडे तोच. या उंदरात मेलाटोनिन बनवणाऱ्या एन्झाइमच्या जीनमध्येच दोष आहे, त्याची पिनियल ग्रंथी मेलाटोनिन जवळपास बनवतच नाही! म्हणजे ज्याच्याकडे हे हार्मोन नाहीच त्याला बाहेरून देऊन आपण फायदा मोजतोय. शिवाय उंदीर निशाचर, ज्यांच्यात मेलाटोनिन बनतं त्यांच्यातही ते रात्रीच वाढतं, पण तेव्हा ते झोपत नाहीत, धावपळ करत असतात. आणि मोठ्या पांढऱ्या उंदरांवर, म्हणजे रॅटवर, एमपीटीपीचा म्हणावा तसा परिणामच होत नाही. या जनावरांवरून आपण काकांसारख्या तासगावच्या सत्तरीच्या माणसाबद्दल बोलायचं.

हार्मोन आहे म्हणजे आपलंच आहे, त्यात काय नुकसान, असं दादा म्हणाला. यावर मी जरा चिडले. प्रोजेस्टेरॉन, बायकांच्या शरीरात जास्त असणारं हार्मोन, ते पण आपलंच आहे. डोक्याला मार लागलेल्या उंदरांमध्ये माद्या बऱ्या होतात, नर तेवढे होत नाहीत, यावरून ते मेंदूला वाचवतं अशी कल्पना निघाली, वर्षानुवर्षं प्राण्यांवर काम झालं, छोट्या ट्रायलमध्ये छान दिसलं, मग डोक्याला गंभीर मार लागलेल्या माणसांवर दोन मोठ्या ट्रायल्स झाल्या, एकीत ८८२ पेशंट, दुसरीत ११९५, औषध अपघातानंतर काही तासांत सुरू केलेलं, म्हणजे उशीर झाला असंही फारसं म्हणता येत नाही. २०१४ मध्ये दोन्हींचे निकाल आले आणि दोन्हींत फायदा नाही. निदान तिथे नुकसान तरी ठळक दिसलं नाही. एस्ट्रोजेनचं त्याहून वाईट. प्लेटमधल्या मेंदूच्या पेशींना एस्ट्रोजेन ऑक्सिडेशनपासून वाचवतं, त्याच्या रेणूतच तशी रचना आहे, पुस्तकात सुद्धा आलंय. पण अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासात ६५ च्या पुढच्या बायकांना एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) एकत्र दिलं तर २००३ मध्ये दिसलं की डिमेन्शियाचं प्रमाण जवळपास दुप्पट. कमी वयात सुरू केलं तर काय, यावर अजून भांडणं चालू आहेत, तो वेगळा विषय, पण "आपलंच हार्मोन" हा मुद्दा तिथेच संपतो.

बरं, आता काकांकडे येते. काकांना मेलाटोनिन द्यायला माझी हरकत नाही, उलट त्यांच्या बाबतीत एक कारण आहेच, फक्त दादा म्हणतो ते नाही. काका रात्री झोपेत ओरडतात, लाथा मारतात, एकदा काकूंच्या दंडावर ठोसा बसला. पाणी सोड रे, मोटर बंद कर रे, असं झोपेत तावातावाने चालू असतं आणि सकाळी विचारलं तर स्वप्नात बागेत होतो म्हणतात. काकू सांगतात हे कंप सुटायच्या कितीतरी वर्षं आधीपासून आहे, आम्हाला सगळ्यांना ते गमतीचं वाटायचं. याला आरबीडी, म्हणजे आरईएम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर, म्हणतात. स्वप्न पडत असताना शरीर ढिलं पडावं म्हणून मेंदूच्या देठात एक स्विच असतो, तो बिघडला की माणूस स्वप्नातल्या मारामाऱ्या अंथरुणात करतो. पार्किन्सन्सच्या आधी कित्येक वर्षं हे दिसू शकतं. आणि यासाठी न्यूरॉलॉजिस्ट रात्री मेलाटोनिन देतात, बऱ्याच जणांना फरक पडतो, काकांच्या मिरजेच्या डॉक्टरांनी पण तेच सांगितलं, तीन मिलिग्रॅमपासून सुरू करा, झोपायच्या वेळी. पेशी वाचतात का, असं काकूंनी त्यांना विचारलं तर ते हसून म्हणाले, आधी तुमचा दंड वाचू दे.

आमच्या गावाकडचे एक वैद्य खाजकुयलीचं चूर्ण देतात, त्याबद्दल पण काकूंनी विचारलं म्हणून सांगून टाकते. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा खरंच असतं, गोळीत असतं तेच, त्यामुळे परिणाम पण होतो आणि गोळीच्या वर ते घेतलं तर डोस जास्त पण होतो. तिथे पण कमी पडलेलं भरून काढणं चाललंय, पेशी वाचवणं नाही.

विषाचा विषय निघालाच आहे तर काकांच्या द्राक्षबागेबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. तासगावला आमच्या बाजूला छाटणीपासून माल निघेपर्यंत फवारणी चालूच असते, आणि ओळींमधल्या गवतावर तणनाशक. पॅराक्वाट हे एक त्यातलं. आता पॅराक्वाटच्या रेणूचं चित्र एमपीपी प्लसच्या शेजारी ठेवून बघा, मी वर्गात फळ्यावर काढते, भाऊ भाऊ वाटतात. पेशीत शिरल्यावर पॅराक्वाट पुन्हा पुन्हा इलेक्ट्रॉन घेतं आणि ऑक्सिजनला देतं, म्हणजे रॅडिकल्स बनवायचं मशीनच. रोटेनॉन, जे एका झाडाच्या मुळांतून निघतं आणि नैसर्गिक कीटकनाशक म्हणून मिरवायचं, ते एमपीपी प्लससारखंच मायटोकॉन्ड्रियातलं पहिलं कॉम्प्लेक्स बंद पाडतं. अमेरिकेत शेतीत काम करणाऱ्यांच्या एका अभ्यासात २०११ मध्ये दिसलं की या दोनपैकी एखादं वापरलेल्यांत पार्किन्सन्स अडीच पट जास्त. फ्रान्सने २०१२ मध्ये शेतकऱ्यांचा पार्किन्सन्स हा कामामुळे झालेला आजार म्हणून मान्य केला, पॅराक्वाट युरोपात २००७ पासून बंद आहे, आपल्याकडे मिळतं. काकांना यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, एका माणसाच्या बाबतीत ते कुणालाच सांगता येणार नाही, त्यांच्या बरोबरीने फवारणी केलेले कितीतरी जण ठणठणीत आहेत. पण काका तोंडाला नुसता टॉवेल गुंडाळून ब्लोअरवर बसायचे, नोझल तुंबलं की फुंकर मारून साफ करायचे, हे मी लहानपणी रोज बघितलंय. आता बाग चुलतभाऊ बघतो. त्याला मी दोनदा मास्क आणि हातमोजे नेऊन दिले, ते गोठ्यात खुंटीला लटकतायत, त्याला त्यात घाम येतो म्हणे. आणि हाच माणूस काकांच्या गमीजमधली एक तोंडात टाकून मला विचारतो, ही मी घेतली तर चालेल का, प्रोटेक्शन म्हणून?

गमीजचं शेवटचं सांगते. अमेरिकेत मेलाटोनिन औषध म्हणून नाही, फूड सप्लिमेंट म्हणून विकलं जातं, त्यामुळे बाटलीत किती आहे यावर औषधासारखं लक्ष नसतं. २०१७ मध्ये कॅनडात ३१ सप्लिमेंट्स तपासली तर लेबलपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त इतका फरक निघाला, आणि चारात एकात तर सेरोटोनिन सापडलं जे त्यात असायलाच नको. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या २५ गमीज तपासल्या, २२ मध्ये आकडा चुकीचा. म्हणून काकूंना मी म्हटलं, द्यायचंच तर डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मिरजेच्या मेडिकलमधून घ्या, गमीज बाजूला ठेवा. डिप्रेशनच्या किंवा ओसीडीच्या औषधांत फ्लुव्होक्सामिन चालू असेल तर मेलाटोनिन स्वतःहून अजिबात घेऊ नये, ते लिव्हरमध्ये मेलाटोनिन मोडणारं एन्झाइम अडवतं आणि रक्तातलं प्रमाण कितीतरी पटींनी चढतं, काकांना ते नाहीये, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला असेल.

आणि गमीज बाजूला म्हणजे वरच्या फळीवर, कारण नातवंडं सुट्टीत आली की ती चॉकलेट समजून खाणार. हे मी उगाच म्हणत नाहीये, अमेरिकेत २०२० मध्ये लहान मुलांनी चुकून गिळलेल्या वस्तूंसाठी विषबाधा केंद्रांना जे फोन आले त्यात पहिल्या नंबरवर मेलाटोनिन होतं. बहुतेक मुलांना काही झालं नाही. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, बघ, म्हणजे सेफ आहे.